ग्वाल्हेरच्या थंडीतून कोकणात मोटरहोम नेताय? या चुका टाळा

डिसेंबर संपता संपता ग्वाल्हेरला पहाटेचा पारा चार-पाच अंशांवर येतो, शिवपुरी-गुना पट्ट्यात धुकं बसतं आणि शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत कोकणात जायचे बेत सुरू होतात. इंदूर, धुळे, पुणे करत रत्नागिरी गाठायची म्हणजे साधारण चौदाशे किलोमीटर. रमतगमत गेलं तरी चौथ्या दिवशी गाडी 31-32 अंशांच्या दमट, खाऱ्या हवेत उभी असते. मोटरहोमच्या, म्हणजे राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीच्या, तयारीतल्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. गाडी निघायच्या दिवशीच्या थंडीत तपासली जाते, थंडीसाठीच सजवली जाते, आणि जिथे ती महिनाभर राहणार त्या हवेचा विचार होत नाही.

परदेशी व्हिडिओ पाहून पाण्याच्या पाइपांत अँटीफ्रीज ओतणं, टाकीला हीटिंग पॅड लावणं असे उद्योगही होतात. ग्वाल्हेर-कोकण रस्त्यावर यातलं काहीही लागत नाही. पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटतील इतकी थंडी या वाटेवर कुठेच नाही. तो पैसा टायर, ब्रेक आणि बॅटरीकडे वळवा.

टायरची हवा: निघताना भरली, मग विसरलो

टायरवर किंवा दारावरच्या पट्टीवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतरचा. पहाटे 5 अंशांत 65 पीएसआय भरलेला टायर 20 अंशांच्या सकाळी साधारण 69 दाखवतो आणि 32 अंशांत नुसता उभा असतानाही 72-73 वर जातो. ही वाढ तापमानामुळे होते, कोणी जास्त हवा भरलेली नसते. मुक्कामी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी आणि टायरवर ऊन पडण्याआधी, हवा तपासून पट्टीवरच्या आकड्यावर आणा.

याच्या उलट करणारेच जास्त. भर दुपारी दोनशे किलोमीटर धावलेल्या टायरचा आकडा पाहून घाबरतात आणि पंक्चरवाल्याकडून हवा काढून घेतात. धावलेला टायर आठ-दहा पीएसआय जास्त दाखवणारच. तेव्हा काढलेली हवा टायर थंड झाल्यावर कमी पडते, टायरच्या बाजू जास्त वाकतात, आत उष्णता साठते आणि घाटात किंवा महामार्गावर टायर फुटतो. गरम टायरमधून हवा कधीच काढू नका.

मागे जोडचाकं असतील तर आतल्या टायरकडे हात पोहोचत नाही म्हणून तो तपासलाच जात नाही. आतला टायर खाली बसला तरी बाहेरचा गाडी उचलून धरतो, त्यामुळे बघून कळत नाही. व्हॉल्व्हला एक्स्टेंशन लावून घ्या, ते दोन्ही चाकांच्या मध्ये नीट बांधलेलं आहे ना हे बघा, आणि दोन्ही टायर वेगवेगळे मोजा. स्टेपनीही याच वेळी मोजायची.

टायरचं वयही बघा. बाजूला लंबगोलात चार अंक असतात: 3521 म्हणजे 2021 सालच्या 35व्या आठवड्यात बनलेला टायर. मोटरहोम वर्षातले आठ-नऊ महिने उभीच असते, त्यामुळे नक्षी झिजण्याआधी रबर म्हातारं होतं. सहा वर्षं उलटली असतील किंवा बाजूला बारीक भेगा दिसत असतील तर नक्षी कितीही खोल असो, टायर बदला.

वजन न करता निघणं

रजया, गाद्या, गॅस, पाणी, महिन्याचं वाण्याचं सामान. सगळं भरून झालं की धर्मकाट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या एक्सलचं वजन निघतं. आरसीवर लिहिलेलं एकूण वजन ओलांडायचं नाही, आणि पुढच्या-मागच्या एक्सलची कंपनीने दिलेली मर्यादाही वेगवेगळी पाळायची. एकूण वजन ठीक असूनही मागचा एक्सल जास्त भरलेला सापडतो, कारण पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि स्वयंपाकघर सगळं मागेच बांधलेलं असतं.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दीडशे लिटरची टाकी ग्वाल्हेरहून काठोकाठ भरून नेणं म्हणजे दीडशे किलो उगाच चौदाशे किलोमीटर वाहणं. रस्त्यापुरतं 40-50 लिटर ठेवा, बाकी मुक्कामाच्या आधीच्या शेवटच्या गावात भरा.

जुनं डिझेल आणि न काढलेलं पाणी

ऑक्टोबरमध्ये टाकी भरून उभी केलेली गाडी जानेवारीच्या पहाटे सुरू होते, शंभर मीटर जाते आणि दम तोडते. आपल्याकडे डिझेलचे उन्हाळी आणि हिवाळी असे दोन दर्जे असतात. थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट होऊन फिल्टर कोणत्या तापमानाला तुंबू लागेल, याची मर्यादा हिवाळी डिझेलसाठी 6 अंश आणि उन्हाळी डिझेलसाठी 18 अंश आहे. म्हणून टाकीतलं जुनं डिझेल नोव्हेंबरमध्येच बरंचसं वापरून टाका आणि ताजं भरा. फिल्टरखालच्या वॉटर सेपरेटरचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी काढा. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की आत दव धरतं, ते पाणी इथेच येऊन बसतं. थंड इंजिन सुरू व्हायला मदत करणारे हीटर प्लग मेकॅनिककडून तपासून घ्या.

कूलंटमध्ये वरचेवर साधं पाणी घालत आलात तर ग्वाल्हेरच्या थंडीत काही जाणवणार नाही. एसी लावून घाट चढताना मात्र काटा वर जाईल. एथिलीन ग्लायकॉलचं कूलंट आणि डीमिनरलाइज्ड पाणी निम्मं-निम्मं भरा. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात.

ब्रेक ऑइल: ज्याकडे कोणी बघत नाही

हा मुद्दा सगळ्यात गंभीर आहे. इंदूरच्या पुढे मानपूरनंतर माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. गणपती घाटाच्या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांचे किती अपघात झाले हे इंदूरकडच्या कोणालाही विचारा. पुढे सेंधव्यानंतर बिजासन घाट, आणि शेवटी सह्याद्री उतरून कोकणात जायचं असतंच.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 4 दर्जाचं ताजं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरल्यावर तोच आकडा 155 पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की ऑइल उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट खाली जातं. गाडी किती धावली याच्याशी याचा संबंध नाही, उभ्या गाडीचंही ऑइल ओल धरतं. दर दोन वर्षांनी बदला. डब्यात वरून भर घालून भागत नाही, चारही चाकांवरून जुनं ऑइल काढावं लागतं.

उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. ज्या गिअरमध्ये इंजिन गाडीला रोखून धरतं तो गिअर शेवटपर्यंत ठेवा. ब्रेक हलका दाबून धरू नका, थोडा जोरात मारून पूर्ण सोडा. न्यूट्रलमध्ये घाट उतरून डिझेल वाचवणारे महाभाग अजून भेटतात. भरलेल्या मोटरहोममध्ये हा जिवाशी खेळ आहे.

बॅटरी

गाडीतल्या राहायच्या भागाला वीज देणारी बॅटरी थंडीत एका कारणाने बिघडते आणि कोकणात दुसऱ्या. सहा तास काहीही न चालवता मोजलं तर ट्युब्युलर बॅटरी (घरच्या इन्व्हर्टरला असते तशी, पाणी घालायची) 12.7 व्होल्टला पूर्ण भरलेली असते, 12.2 ला निम्मी. चार्जरचा 14.4 व्होल्ट हा आकडा 25 अंशांसाठी असतो. 5 अंशांत त्याच बॅटरीला साधारण 14.9 लागतात, 35 अंशांत 14.15 पुरतात. चार्जरला तापमानाचा सेन्सर नसेल तर ग्वाल्हेरला बॅटरी अर्धपोटी राहते आणि रत्नागिरीला जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. सेन्सरची वायर बॅटरीच्या अंगाला चिकटवा, चार्जरच्या शेजारी लोंबकळत ठेवू नका. कोकणात दर आठवड्याला झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. आरओचं पाणी चालत नाही.

लिथियम बॅटरी शून्य अंशांखाली चार्ज करायची नसते, पण आपल्या वाटेवर ती वेळ येत नाही. तिथे चूक वेगळीच होते: अल्टरनेटरवरून सरळ वायर ओढली जाते. मध्ये डीसी-डीसी चार्जर, म्हणजे अल्टरनेटरची वीज बॅटरीला मानवेल अशी करून देणारा चार्जर, हवाच. 30 अँपिअरचा चार्जर पाच मीटर अंतरावर असेल तर 6 चौरस एमएम वायरवर जवळजवळ 0.9 व्होल्ट वाटेतच जातात, 16 चौरस एमएम वायरवर 0.3 च्या आसपास. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात लावा, दुसऱ्या टोकाला नाही.

आता विजेचा हिशोब. 45 वॅटचा कॉम्प्रेसर फ्रीज ग्वाल्हेरच्या थंडीत दिवसातला पाव वेळ चालला तर साधारण 22 अँपिअर-तास खातो. कोकणात तोच निम्मा वेळ चालतो आणि 45 खातो. त्यात 20 वॅटचे दोन पंखे रात्रभर धरले की आणखी 27. म्हणजे फक्त फ्रीज आणि पंखे मिळून 72. दीडशे अँपिअर-तासाच्या ट्युब्युलर बॅटरीतून 75 च्या वर काढू नये, तेव्हा दिवे आणि मोबाइल धरले की एका दिवसात ती संपली. घराच्या अंगणात तीन दिवस सगळं व्यवस्थित चाललं म्हणून खात्री बाळगून निघणारे इथे फसतात. छतावरचं सोलर ही तूट भरून काढेल, पण नारळी-आंब्याच्या सावलीत गाडी लावली नाही तरच. पॅनलचा एक कोपरा सावलीत गेला तरी वीज फार उतरते. शिवाय नारळाखाली गाडी लावणं वेगळ्या अर्थानेही धोक्याचं आहे.

गॅस आणि शेगडी

बंद गाडीत कोळशाची शेगडी किंवा गॅसची बर्नर ऊब म्हणून पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस जागा होत नाही. खिडकी बोटभर उघडी ठेवून हा धोका जात नाही. पहिल्या दोन रात्री थंडीच्या असतात, त्यांच्यासाठी रजया पुरेशा आहेत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या उंचीवर लावा. गॅसगळतीचा अलार्म मात्र जमिनीपासून वीतभरच वर, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. याच कारणासाठी सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक असावं लागतं. प्रवासाआधी सामान भरताना पायपुसणं किंवा चपलांची पिशवी नेमकी त्याच भोकावर येते, तेवढं बघा.

थंड सकाळी ज्योत लहान झाली म्हणून सिलिंडर गरम पाण्यात ठेवू नका. रबरी नळीवरची तारीख वाचा, पाच वर्षं झाली असतील तर बदला. जोड साबणाच्या पाण्याने तपासा.

पाण्याची टाकी न धुता भरणं

आधी फिल्टरची कार्ट्रिज काढा. टाकी भरून दर लिटरला 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट 1 मिलिलिटर घाला, म्हणजे शंभर लिटरला 100 मिलिलिटर. प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, चार तास तसंच ठेवा, मग रिकामं करून वास जाईपर्यंत दोन-तीनदा धुवा. थंडीत टाकीला वास येत नाही म्हणून हे टाळलं जातं. 30 अंशांत त्याच टाकीतला बुळबुळीत थर दोन दिवसांत बोलू लागतो.

रस्त्यावर आणि किनाऱ्यावर

धुक्यात पहाटे निघू नका. दहा वाजेपर्यंत थांबा, पहिल्या दिवशी इंदूर गाठायचा हट्ट सोडा. धुक्यात हेडलाइट डीमवर, मागचा फॉग लॅम्प चालू. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावले की तुम्ही वळताय की थांबलाय हे मागच्याला कळत नाही.

गाडीची उंची छतावरच्या एसी-पॅनलसकट मोजून स्टिअरिंगसमोर चिकटवा. कोकणातल्या वाड्यांमध्ये तारा आणि फांद्या खाली असतात. दाभोळ-धोपावेसारख्या फेरीबोटीवर चढताना मागचा लांब भाग रॅम्पला घासतो, आणि ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो. भरतीच्या आसपासची फेरी धरा आणि एकाला खाली उतरवून मागे लक्ष ठेवायला सांगा. वाळूत गाडी उतरवू नका. तीन-चार टनांची गाडी रुतली की भरतीआधी ती निघेलच याची खात्री नसते.

निघण्याआधी बॅटरीच्या टर्मिनलना, अर्थिंगच्या बोल्टला आणि सोलरच्या जोडांना पेट्रोलियम जेली लावा. गाडीखालचा गंज खरवडून अंडरबॉडी कोटिंग करून घ्या. खारी हवा ज्या जागी रंग उडालाय तिथूनच आत शिरते.

कागदांमध्ये विमा, पीयूसी आणि फास्टॅग सगळे बघतात. आरसीवर गाडीचा वर्ग काय लिहिलाय ते मात्र बघत नाहीत. प्रवासी गाडी आतून बदलून घेतली असेल आणि आरसीवर तो बदल नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते.

परतीला सगळे आकडे उलटे फिरतात. रत्नागिरीच्या 30 अंशांत 65 पीएसआय असलेला टायर 5 अंशांत 58-59 वर येतो, तेव्हा गुना किंवा शिवपुरीच्या मुक्कामी सकाळी हवा भरूनच पुढे निघा. त्याआधी, कोकण सोडल्यावर पहिल्याच वॉशिंग सेंटरवर गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या: चाकांच्या कमानी, स्प्रिंगची पानं, ब्रेकच्या नळ्या आणि सायलेन्सरचे जोड.