जुनी आणि नवी झिनफँडेल शेजारी ठेवून कशी चाखावी

झिनफँडेल ही लाल वाइन कॅलिफोर्नियाची म्हणून ओळखली जात असली, तरी तिचे द्राक्ष मूळचे क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचे असल्याचे २००१ साली जनुकीय तपासणीतून निश्चित झाले. त्याच्या एकाच घडात काही मणी हिरवे, काही पिकलेले, तर काही सुकून बेदाण्यासारखे झालेले असतात. परिणामी रसात साखर भरपूर उतरते आणि वाइनमधील अल्कोहोल बहुधा १४ ते १६ टक्क्यांपर्यंत जाते. चाखताना याचे भान ठेवावे लागते.

बाटल्या एकाच उत्पादकाच्या, एकाच बागेतील, पण वेगळ्या हंगामांच्या निवडाव्यात. अन्यथा फरक वयाचा की मातीचा, हे कळत नाही. रिज व्हिनयार्ड्स या उत्पादकाच्या, कॅलिफोर्नियातील सोनोमा परिसरातल्या गायझरव्हिल किंवा लिटन स्प्रिंग्ज या झिनफँडेलप्रधान वाइन यासाठी योग्य आहेत. एक बाटली दोन-तीन वर्षांची आणि दुसरी दहा वर्षांहून जुनी असावी. झिनफँडेल नाशिकलाही पिकते. मात्र ती नवी असतानाच प्यावी, दशकभर राखण्याच्या भरीस पडू नये, असे माझे मत आहे.

जुनी बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. तिचे बूच ठिसूळ झालेले असू शकते, म्हणून ते सावकाश काढावे. दोन्ही वाइन १६ ते १८ अंश सेल्सिअसला आणाव्यात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यासाठी बाटली काही वेळ फ्रीजमध्ये ठेवणे भागच आहे, कारण कोमट झिनफँडेलमध्ये अल्कोहोलखेरीज काही जाणवत नाही. नवी वाइन तासभर आधी दुसऱ्या भांड्यात ओतून हवेशीर करावी, जुनी मात्र चाखण्याच्या वेळीच उघडावी.

सारख्या आकाराच्या ग्लासांत प्रत्येकी ५० मिलिलिटर वाइन ओतून ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरावा. नवीचा रंग जांभळट असतो, तर जुनीच्या कडेला विटकरी छटा उतरते. आधी जुनी चाखावी, कारण नवीच्या तिखट, भरगच्च चवीनंतर तिचे बारकावे हरवतात.

नवीमध्ये रासबेरी, ब्लॅकबेरी आणि काळ्या मिऱ्याचा वास ठळक असतो. जुनीत सुके अंजीर, चामडे, तंबाखू, क्वचित थंड झालेल्या कोऱ्या चहाची आठवण येते. घोट जिभेवर फिरवून तुरटपणा पाहावा: जुनीत तो मऊ झालेला असतो. मात्र खरी परीक्षा घशाशी होते. वयाबरोबर फळाची चव ओसरते, अल्कोहोल मात्र तेवढेच राहते. त्यामुळे मुळात तोल नसलेली वाइन जुनी झाल्यावर नुसती जळजळते. अशी जळजळ जाणवली, तर ती बाटली आणखी राखण्यात अर्थ नाही.

घोट थुंकून टाकावेत, टिपणे लगेच लिहावीत आणि अर्ध्या तासाने दोन्ही ग्लासांकडे पुन्हा वळावे. एवढ्या वेळात नवी अधिक खुललेली असते, जुनी कदाचित मावळू लागलेली असते.