हॉकीत मनगट फिरत नसेल तर पुठ्ठ्याची नळी

पावसाळ्यात साताऱ्यात मैदानाचा चिखल होतो, आणि पोरांचा हॉकीचा सराव पार्किंगच्या शहाबादी फरशीवर येतो. आमच्या पुतणीचा घोळ एकच: ड्रिबल करताना, म्हणजे चेंडू स्टिकने खेळवत नेताना, खालचा उजवा हात स्टिक आवळून धरायचा. मग स्टिक वळत नाही, चेंडू अडखळतो. ओरडून काही उपयोग झाला नाही, नळीने झाला.

१. कापडाच्या दुकानात तागा संपला की आतली पुठ्ठ्याची नळी टाकून देतात. ती मागून आणा, स्टिक आत सैल फिरेल एवढी रुंद बघून. वीतभर तुकडा कापा.

२. नळी मुठीकडून स्टिकवर सरकवा. उजव्या हातात नळी, डावा हात वर मुठीवर.

३. आता चेंडू डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे. स्टिक फक्त डाव्या मनगटाने वळवायची. उजव्याने आवळलं तरी नळीच आवळली जाते! दहा मिनिटं पुरे.

४. जमलं की समोर कुणीतरी बोटं दाखवावीत, खेळणाऱ्याने आकडा मोठ्याने सांगावा. खाली बघायची खोड मोडते. आमच्याकडे हे काम आजी आवडीने करते, मध्येच सहा बोटं दाखवून फसवतेसुद्धा.

आइस हॉकीवालेही बर्फ नसताना घरच्या फरशीवर गोल्फचा चेंडू घेऊन हात हलका करतात.

फरशीवर स्टिकचं टोक लवकर झिजतं, तेव्हा सरावाला जुनीच स्टिक काढा.