एम्युलेटरला जीडीबी जोडताना सिग्नलच्या या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या अभ्यासगटात शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टसाठी हौसेनं आर्म किंवा रिस्क-फाइव्ह प्रोसेसरचा एम्युलेटर, म्हणजे त्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतात. लिनक्सचे प्रोग्रॅम त्यावर चालू लागतात, जीडीबी हा डीबगर जोडला जातो, ब्रेकपॉइंटही (प्रोग्रॅम थांबवायची खूण) लागतो. अडतं ते सिग्नलपाशी, म्हणजे लिनक्स चालू प्रोग्रॅमला पाठवतो त्या क्रमांकित सूचनांपाशी.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लिनक्सचा सिग्नल क्रमांक जसाच्या तसा जीडीबीला पाठवणं. जीडीबी आणि एम्युलेटर ज्या पॅकेटांतून बोलतात, त्या रिमोट प्रोटोकॉलची स्वतःची क्रमवारी आहे. सिगइंट २, सिगट्रॅप ५, सिगसेगव्ही ११ हे दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे नेहमीच्या चाचण्या पास होतात आणि चूक महिनोन्‌महिने लपून राहते. मग कोणी सिगयूएसआर१ वापरतो. एक्स८६, आर्म, रिस्क-फाइव्ह या तिन्हींवर लिनक्समध्ये तो १०, पण जीडीबीच्या यादीत १० म्हणजे सिगबस. पडद्यावर बस एरर दिसते आणि बिचारा विद्यार्थी मेमरीच्या कोडमध्ये नसलेला बग शोधत रात्र घालवतो. जीडीबीकडे सिगयूएसआर१ चा क्रमांक ३० आहे. तोही प्रोग्रॅम थांबल्याचं कळवणाऱ्या 'एस' पॅकेटमध्ये हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) जातो, म्हणजे 'एस१ई'. 'एस३०' पाठवलंत तर जीडीबी ते ४८ वाचेल.

उलट दिशेचं रूपांतर तर हमखास विसरलं जातं. जीडीबी मोठ्या लिपीतल्या सी चं 'सी१ई' पाठवतो, म्हणजे हा सिग्नल प्रोग्रॅमला देऊन पुढे चला. तो ३० तसाच पोचवला तर लिनक्सच्या हिशेबी तो सिगपीडब्ल्यूआर ठरतो आणि हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं प्रोग्रॅममधलं फंक्शन) नसेल तर प्रोग्रॅम तिथेच संपतो. दोन्ही दिशांचे तक्ते एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी ठेवा, असं मी आग्रहानं सांगेन.

लहान लिपीतला 'सी' आला तर मात्र सिग्नल गिळायचा, हँडलर चालवायचा नाही. ब्रेकपॉइंटच्या सिगट्रॅपचं बहुतेक वेळा हेच होतं, कारण जीडीबी तो मुळात पुढे पाठवत नाही. तुमच्या एम्युलेटरनं तो रांगेत तसाच ठेवला असेल, तर कंटिन्यू म्हणताच प्रोग्रॅम मरतो.

कंट्रोल-सी दाबून काहीच होत नाही? जीडीबी तेव्हा ०३ हा एकटा बाइट पाठवतो, त्याला ना पॅकेटच्या सुरुवातीचं डॉलरचं चिन्ह ना शेवटचा चेकसम (तपासणीची बेरीज). पॅकेटच्या सुरुवातीची वाट बघणारा पार्सर तो फेकून देतो. शिवाय प्रोग्रॅम चालू असतानाही सॉकेट तपासत राहावं लागतं.

सिग्नलनं प्रोग्रॅम मेला तर 'एक्स' पॅकेट जातं. त्यातही क्रमांक जीडीबीचाच.

तपासायला स्वतःलाच सिगयूएसआर१ पाठवणारा, हँडलर असलेला दहा ओळींचा सी प्रोग्रॅम पुरे. जीडीबीत 'सेट डीबग रिमोट १' करा म्हणजे पॅकेटं समोर दिसतील. थांबल्यावर एकदा 'कंटिन्यू' द्या, हँडलर चालला पाहिजे. पुन्हा सुरू करून 'सिग्नल ०' (सिग्नल न देता पुढे चला) द्या, तेव्हा चालता कामा नये.