ग्रंथालयातल्या मशीनवर मराठी अक्षरं कापायची तर

हेलसिंकीच्या मुख्य रेल्वे स्टेशनजवळ, संसद भवनासमोर ‘ओदी’ नावाचं ग्रंथालय आहे. (पाटीवरचं Oodi वाचून आपण सगळेच आधी ‘ऊडी’ म्हणतो. उच्चार ‘ओऽदी’, अर्थ गौरवगीत.) ५ डिसेंबर २०१८ ला, म्हणजे फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी ते उघडलं. पुस्तकं तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्यावर शिलाई मशीन, ओव्हरलॉक, थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर, व्हिनाइल कटर, हीट प्रेस, बॅज बनवायचं यंत्र असा सगळा कारखाना. इथे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, म्हणून लिफ्टमध्ये घोटाळा करू नका.

‘शांतता राखा’ या पाटीखाली बसून वाचत मोठी झालेली मी, पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा शिलाई मशीनची घरघर ऐकून परत फिरणार होते. तुम्ही फिरू नका. मशीनला भाडं नाही, फक्त साहित्याचे पैसे. आणि हे कोणी उपकार म्हणूनही करत नाही. १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या फिनलंडच्या ग्रंथालय कायद्यातच लिहिलंय, की शिकायला, काम करायला, छंद जोपासायला जागा देणं हे सार्वजनिक ग्रंथालयाचं काम आहे. तेव्हा संकोच घरी ठेवा.

मी शेजारच्या एस्पोत राहते आणि गेली काही वर्षं आमच्या मंडळाचे शर्ट, तोरणं, आरासीची अक्षरं तिथेच करते. म्हणून हा लेख व्हिनाइल कटरवर टी-शर्टसाठी मराठी मजकूर कापण्याबद्दल आहे. (व्हिनाइल म्हणजे रोलवर येणारा रंगीत प्लॅस्टिकचा पातळ थर. कटर पात्याने त्यात अक्षरं कापतो, नको तो भाग आपण सोलून काढायचा आणि उरलेली अक्षरं गरम दाबाने शर्टवर छापायची.) तुम्ही शिकागोत असाल तर तिथल्या हॅरॉल्ड वॉशिंग्टन ग्रंथालयातही २०१३ पासून अशी प्रयोगशाळा आहे. बुकिंगचे नियम गावोगाव वेगळे, पण अक्षरांची भानगड सगळीकडे तीच.

बुकिंग

हेलमेट म्हणजे इथल्या ग्रंथालयांचं कार्ड, ते जवळ असू द्या. हेलसिंकी, एस्पो, वांता आणि काउनियाइनेन या चारही गावांत तेच कार्ड चालतं. मशीनची वेळ ‘वरामो’ नावाच्या शहराच्या ऑनलाइन सेवेवर घ्यायची. दोन तासांपेक्षा कमी वेळ घेऊ नका, आणि गणपतीच्या आदल्या शनिवारी जागा मिळेल अशी आशा धरू नका.

शर्ट

सुती, एकदा धुतलेले, कंडिशनर न घातलेले. बस.

फाइल: इथेच सगळे रडतात

मला मिळालेला पहिला सल्ला होता, ‘अगं, फोनवर डिझाइन कर, पीएनजी घेऊन जा, ते मशीन करतं बरोबर.’ करत नाही. पीएनजी म्हणजे नुसतं चित्र. कटरला चित्र दिसत नाही, त्याला रेषा लागते. जिथे रेषा, तिथे पातं फिरणार. पीएनजी दिलंत तर सॉफ्टवेअर अंदाजाने कडा शोधून रेषा बनवतं, आणि मग ‘क’ असा दिसतो की जणू कोणी चालत्या बसमध्ये लिहिलाय. हा सल्ला देणाऱ्याने आयुष्यात मराठी अक्षर कापलेलं नसतं, हे मी खात्रीने सांगते.

इंकस्केप हे रेषांनी डिझाइन करायचं सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे, आणि त्यात देवनागरी जोडाक्षरं नीट जुळतात. काही महागड्या सॉफ्टवेअरमध्ये योग्य सेटिंग केलेलं नसलं तर ‘स्व’चा ‘स् व’ होतो आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. फॉन्ट जाड घ्या. बालू किंवा मुक्ताचं ठळक रूप उत्तम. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट फार देखणा आहे, आपल्या वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ त्यात मिळतो, पण तो पुस्तकासाठी. त्याच्या बारीक रेषा छोट्या आकारात कापल्या की सोलतानाच तुटतात. सर्वांत बारीक रेघ निदान दीड मिलिमीटरची राहील एवढं मोठं अक्षर ठेवा.

आता खरी गोम. मराठी शब्द पडद्यावर एकसंध दिसतो, कारण वर सलग शिरोरेषा असते. पण फॉन्टच्या पोटात ती सलग नसते. प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं, आणि तो शेजारच्या तुकड्यावर किंचित चढलेला असतो. काळ्या रंगात ते कळत नाही. कटरला मात्र प्रत्येक तुकड्याची बाहेरची कड वेगळी दिसते, आणि तो इमानेइतबारे प्रत्येक कड कापतो.

आमच्या लेझीम पथकाचे चौदा शर्ट होते. मजकूर फक्त दोन शब्द: ‘लेझीम पथक’. मी थेट फाइल दिली, कटर सुरेख चालला, आणि सोलायला बसले तर सोलायच्या टोकदार आकड्याला शिरोरेषा नखाएवढ्या तुकड्यांनी निघून येऊ लागली. ‘झी’च्या वेलांटीचा देठ शिरोरेषेवर जिथे चढतो, तिथे तांदळाएवढा एक वेगळाच तुकडा कापला गेला होता. तो आधी बोटाला चिकटला, मग बाहीला, मग शेजारच्या आजोबांच्या शिवणकामाला. चौदा प्रती, म्हणजे असे शेकडो तुकडे. सगळा रोल कचऱ्यात.

उपाय सोपा आहे, फक्त क्रम चुकवायचा नाही. मजकूर आधी दोनदा वाचून घ्या, कारण पुढच्या पायरीनंतर तो मजकूर राहत नाही, आकार होतो. मजकुराची मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवा. मग ‘पाथ’ मेनूतलं ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा. अक्षरांचा एक गट तयार होईल, तो ‘अनग्रुप’ करा. सगळं निवडा आणि ‘पाथ’ मेनूतलंच ‘युनियन’ दाबा, म्हणजे एकमेकांवर चढलेले तुकडे एक होतात. बहुतेक लोक अनग्रुप विसरतात आणि मग मशीनला शिव्या देतात.

एवढ्यावर विश्वास ठेवून निघू नका. ‘व्ह्यू’ मेनूत ‘डिस्प्ले मोड’ आहे, तिथे ‘आउटलाइन’ निवडा. रंग जातील, नुसत्या रेषा उरतील. कटरला जे दिसतं ते हेच. मोठं करून शिरोरेषेवरून डावीकडून उजवीकडे नजर फिरवा. मध्ये कुठेही उभी बारीक रेघ दिसली, तर तिथे पातं आडवं जाणार. काही फॉन्टमध्ये दोन तुकडे एकमेकांवर चढत नाहीत, नुसते टेकतात, आणि मग युनियन करूनही केसाएवढी फट राहते.

ही फट बुजवायची म्हणून मी जी अक्कल लढवली, ती तुम्ही लढवू नका. मी शिरोरेषेच्या जाडीचा एक लांब आयत काढला, पूर्ण शब्दावर आडवा टाकला आणि युनियन केलं. पडद्यावर कसं छान, सलग, ठसठशीत. कापलं, सोललं, चौदा शर्टांवर छापलं. घरी आले तर सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी एक शर्ट हातात धरून विचारलं, ‘पयक म्हणजे काय गं?’

‘थ’ची शिरोरेषा डावीकडे तुटकी असते. तिथून आडवी पट्टी गेली की ‘थ’चा ‘य’ वाटायला लागतो. ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’. भजनी मंडळाचे शर्ट करणारे असाल तर काय होईल ते बघा. त्या वर्षी आमचं पयक नाचलं. मुलांना फरक पडला नाही, मोठ्यांनी मात्र मिरवणूक संपेपर्यंत पाठ दाखवायची टाळली.

तर फट दिसली की फक्त त्या फटीपुरता, चार-पाच मिलिमीटरचा छोटा आयत टाका आणि तेवढाच जोडा. आणि हो, देवनागरीत अक्षरांमधलं अंतर कधीही वाढवू नका. इंग्रजीत ते मोकळं दिसतं म्हणून लोक इथेही करतात, आणि शिरोरेषेचे दात पडतात.

शेवटी एसव्हीजी, म्हणजे रेषांची फाइल, म्हणून जतन करा. आकार झालेली फाइल असली की मशीनजवळच्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट आहे की नाही याने काही बिघडत नाही. हे सगळं घरी करून जा. तिथे बसून केलंत तर तुमची बुक केलेली वेळ इंकस्केपमध्येच संपेल.

उलटं की सुलटं

शर्टवर इस्त्रीने चिकटणारं व्हिनाइल मागच्या बाजूने कापतात, म्हणून फाइल आडवी उलटी करायची, आरशात दिसते तशी. गाडीवर किंवा काचेवर बाहेरून लावायचा स्टिकर असेल तर उलटं करायचं नाही. काचेच्या आतून लावणार असाल तर पुन्हा उलटं. इंग्रजी अक्षर उलटं आहे हे चटकन कळतं, ‘लेझीम’ उलटा लिहिला की डोळा दचकत नाही, नक्षीच वाटते. मी पडद्यासमोर फोनचा पुढचा कॅमेरा धरते. फोनमध्ये मजकूर सरळ वाचता आला, तर फाइल बरोबर उलटी आहे.

कापणं

रोल चकचकीत प्लॅस्टिकची बाजू खाली करून लावा. आधी सेंटिमीटरभराचा चौकोन कापून बघा. रंगीत थर कापला गेला पाहिजे, खालचं प्लॅस्टिक नाही. प्लॅस्टिकवर पाठीमागून ओरखडा दिसला तर पातं खोल गेलंय, दाब कमी करा. ही चाचणी न करता चौदा प्रतींचं बटण दाबणाऱ्याची मला दया येत नाही. अडलात तर तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा. ते यंत्र दाखवतील, सेटिंग सांगतील. तुमचं डिझाइन मात्र करून देणार नाहीत, आणि मराठी तर त्यांना येतच नाही, म्हणून ‘पयक’ला तेही वाचवू शकत नाहीत.

एक ताकीद. व्हिनाइल शेजारच्या लेझर कटरमध्ये घालू नका. पीव्हीसी जळलं की त्यातून निघणारा वायू विषारी असतो आणि यंत्रही गंजवतो. ‘एकच तर तुकडा आहे’ म्हणणारा माणूस प्रत्येक ग्रंथालयात एक तरी असतोच.

सोलणं

टोकदार आकड्याने नको तो भाग उचलायचा. आधी बाहेरचा मोठा भाग, मग ‘क’ आणि ‘थ’ची पोटं. ‘म’ची बारीक गाठ बंद झाली असेल तर तशीच राहू द्या, चार फुटांवरून कोणाला दिसत नाही. अनुस्वार असला तर बाहेरचा भाग ओढताना त्यावर बोट दाबून धरा, नाहीतर टिंब सोबत जातं आणि ‘मंडळ’चं ‘मडळ’ होतं.

छापणं

शर्ट रिकामाच हीट प्रेसमध्ये पाच सेकंद दाबून ओल घालवा. मग अक्षरं ठेवून साधारण १५० ते १६० अंशांवर दहा-पंधरा सेकंद. पण रोलबरोबर जे लिहून आलंय तेच खरं, माझं नाही. प्लॅस्टिक गरम असताना काढायचं की गार झाल्यावर, तेही तिथेच लिहिलेलं असतं. कोपरा उचलताना अक्षर वर आलं तर थांबा, पुन्हा दाबा. चोवीस तास धुवू नका. पुढे शर्ट उलटा करून, चाळीस अंशांच्या आत धुवा.

थ्रीडी प्रिंटरबद्दल एवढंच

सगळ्यांना मोदकाचा साचा छापायचा असतो. मीही छापला. थ्रीडी प्रिंटरचं प्लॅस्टिक थरांवर थर चढत जातं, त्या थरांच्या खाचांत उकड जाऊन बसते आणि ती कितीही घासली तरी निघत नाही. शिवाय पीएलए, म्हणजे या प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक, गरम पाण्यात मऊ पडतं, म्हणजे कडकडीत पाण्याने धुवायची सोयही नाही. पोटात जायच्या वस्तूसाठी ते यंत्र वापरू नका. आरासीतला उंदीर छापा, तो फार गोड येतो.

उरलेल्या रोलचे तुकडे ठेवा, पुढच्या चाचणीच्या चौकोनांना उपयोगी पडतात. आणि मजकुराची मूळ फाइल कुठे ठेवलीत ते दुसऱ्या कोणाला तरी सांगून ठेवा. पुढच्या वर्षी ‘पथक’च्या खाली साल हवं म्हणणारं कोणीतरी निघतंच, आणि युनियन केलेल्या अक्षरांत मग काही बदलता येत नाही.