सिरमची बाटली आधी उलटी करा, मग विकत घ्या

भाची परवा कॉलेज रोडवरून एक फेस सिरम घेऊन आली. पुढच्या बाजूला काळ्या द्राक्षांचा मोठ्ठा घड, खाली 'अँटीऑक्सिडंट'. आपण नाशिकची माणसं, द्राक्ष दिसलं की भरवसा बसतोच. मी बाटली उलटी केली, मागची बारीक अक्षरं काही दिसेनात म्हणून मोबाईलवर फोटो काढून झूम केला आणि तिला शेजारी बसवून वाचायला लावलं.

घटकांच्या यादीत जे जास्त घातलंय ते आधी लिहितात, पण १ टक्क्याहून कमी असलेल्या वस्तू मात्र कुठल्याही क्रमाने लिहिल्या तरी चालतात. इथे एक खूण कामाला येते, फिनॉक्सीइथेनॉल. सिरम खराब होऊ नये म्हणून हे घालतात आणि ते जास्तीत जास्त १ टक्काच घालायचं असा नियम आहे, म्हणजे यादीत त्याच्यानंतर जे जे येतं ते सगळं फार तर १ टक्का. भाचीच्या बाटलीत द्राक्षाचा अर्क त्याच्याही मागे, पार शेवटी, सुगंधाच्या शेजारी होता. तिचा चेहरा पडला. पण मागे आलं म्हणजे फुकट असंही नाही हं, रेटिनॉल (व्हिटॅमिन ए) किंवा फेरुलिक ॲसिड (हेही एक अँटीऑक्सिडंटच) अर्ध्या टक्क्यातही काम करतं. अर्काचं तसं सांगता येत नाही, कारण त्यात नेमकं काय किती आहे ते लेबलवर नसतंच.

आता अँटीऑक्सिडंट म्हणजे काय, तर सफरचंद कापून ठेवलं की काळं पडतं आणि लिंबू पिळलं की पडत नाही, तेच. ऊन आणि धूर यांनी त्वचेत फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर कण, तयार होतात, अँटीऑक्सिडंट त्यांना स्वतःवर घेतं आणि त्वचा वाचते. (म्हणून चेहऱ्यावर लिंबू चोळायला जाऊ नका प्लीज, लिंबाचा रस खूप ॲसिडिक असतो आणि तो लावून एप्रिलच्या उन्हात गेलात तर भाजल्यासारखं होऊन काळे डाग पडतात, ते महिनोन्महिने जात नाहीत.)

यातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं म्हणजे व्हिटॅमिन सी. यादीत ते 'ॲस्कॉर्बिक ॲसिड' नावाने शोधायचं. साधारण १० ते २० टक्के पुरे, त्याच्या वर फायदा वाढत नाही, फक्त चुरचुर वाढते. ते त्वचेत शिरायला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त ॲसिडिक) ३.५ च्या खाली लागतो, त्यामुळे नाजूक त्वचेला झोंबतं, अशांनी सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट किंवा ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड बघावं, ते सौम्य आहेत आणि टिकतातही जास्त, पण जोर कमी. सोबत टोकोफेरॉल म्हणजे व्हिटॅमिन ई असेल तर उत्तमच. २००५ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी १५ टक्के सी आणि १ टक्का ई मध्ये अर्धा टक्का फेरुलिक ॲसिड घातलं, तर उन्हापासूनचं संरक्षण जवळपास दुप्पट झालं. मात्र टोकोफेरॉल एकटंच शेवटी दिसलं तर ते बहुतेक क्रीममधलं तेल खवट होऊ नये म्हणून घातलेलं असतं, तुमच्यासाठी नाही.

आणि रंग बघा! मी एकदा पारदर्शक काचेची बाटली घेतली होती, दुकानाच्या शोकेसमध्ये उन्हात ठेवलेली, घरी आणली तेव्हाच कोऱ्या चहासारखी दिसत होती. मला वाटलं रंगच तसा असेल, दोन महिने लावलं. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण कोणी सांगितलं नाही याचा राग जास्त आला. व्हिटॅमिन सी हवेने आणि उजेडाने पिवळं, मग केशरी, मग तपकिरी होत जातं आणि तपकिरी झालं की ते संपलं. गडद बाटली घ्या, छोटी घ्या, उन्हाळ्यात फ्रिजच्या दारात ठेवा. उघड्या डबीच्या चित्रावर '६ एम' लिहिलेलं असतं ना, ते उघडल्यापासूनचे महिने.

नियासिनामाइड म्हणजे बी३, २ ते ५ टक्के बास, बहुतेकांना सोसतं. पँथेनॉल म्हणजे बी५, ओलावा धरून ठेवतं.

रेटिनॉल म्हणजे व्हिटॅमिन ए, हे रात्रीच, वाटाण्याएवढं, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर अजिबात नाही.

भाची रोज पंचवटीतून स्कूटीवर कॉलेजला जाते, म्हणून तिला सांगितलंय की सकाळी सी, ते सुकलं की वर सनस्क्रीन, सनस्क्रीनशिवाय नुसतं सी लावून निघायचं नाही. नवीन बाटली आणली की आधी चार दिवस कानामागे लावून बघते, अजून तरी काही पुरळ आलेली नाही. द्राक्षवालं सिरम तिने ठेवलंय, वास आवडतो म्हणून हाताला लावते.