पैलवानाचा खुराक पिल्लाला नको: मोठ्या जातीचा कुत्रा कसा वाढवावा, शिकवावा आणि डॉग शोच्या रिंगमध्ये कसा उतरवावा

कोल्हापुरात ताकद म्हटली की आधी खुराक आठवतो. दूध, तूप, बदाम, थंडाई यांवर तालमीत घडलेली शरीरे खासबागेच्या मातीत सगळ्यांनी पाहिली आहेत. मग घरात रॉटवायलर, ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्डचे पिल्लू आले की तोच हिशेब त्याच्या ताटात उतरतो. सकाळी म्हशीचे दूध, दोन अंडी, वर चमचाभर कॅल्शियमचे सिरप. पाचव्या महिन्यात ते गल्लीतले सगळ्यांत थोराड पिल्लू दिसते आणि सातव्या-आठव्या महिन्यात लंगडायला लागते.

माणसाचे आतडे गरजेपुरते कॅल्शियम घेते आणि बाकीचे सोडून देते. मोठ्या जातीच्या पिल्लाला ही चाळणी पहिले सहा महिने नीट जमत नाही. तोंडातून जेवढे जास्त जाईल, तेवढे जास्त शरीरात मुरते. त्यामुळे कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याची क्रिया बिघडते, सांध्याच्या कडेची कूर्चा जाड आणि ठिसूळ होते, पुढच्या पायांना बाक येतो. त्यात वजन भराभर वाढलेले असले तर ते सगळे या कच्च्या सांध्यांवर येते. मोठ्या जातीचा कुत्रा हळू वाढवायचा असतो. उंची त्याच्या रक्तातच आहे. कमी वेगाने वाढला म्हणून तो बुटका राहत नाही.

पिल्लू येण्याआधी फरशी बघा

नव्या फ्लॅटमधली गुळगुळीत टाईल पिल्लाचा मोठा शत्रू. खुब्याचा गोळा आणि खोबण जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत एकमेकांच्या मापाने घडतात. मागचे पाय रोज बाहेरच्या बाजूला फाकत घसरले तर गोळा खोबणीत नीट बसत नाही आणि खोबण उथळ राहते. अनुवंशिक दोष असेल तर तो इथे बळावतो. उपाय स्वस्त आहे आणि कोल्हापुरात सहज मिळतो: गोठ्यात म्हशींखाली घालतात ती जाड रबर मॅट. पिल्लू जिथे खाते, खेळते आणि ज्या वाटेने दाराकडे धावते, तेवढ्या पट्ट्यात ती टाका. जुन्या घरातली खडबडीत शहाबादी असेल तर तशीच चालते.

वयाचे तीन महिने होईपर्यंत जिना नको. उचलून न्या. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. काखेत धरून लोंबकळत नाही. झोपायला चार-पाच इंच जाडीची गादी द्या. वजनदार कुत्रा कायम कडक फरशीवर बसला की कोपरांवर घट्टे पडतात आणि पुढे तिथे पाण्याची गाठ धरते.

पिल्लू किमान आठ आठवड्यांचे असावे. आई प्रत्यक्ष पाहा, शक्य तर बापही, आणि दोघांच्या खुब्याचे एक्स-रे मागा. शोमध्ये उतरवायचे असेल तर केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी आणि मायक्रोचिप आधी तपासा. ‘पेपर नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून घेतलेल्या पिल्लाचे पेपर बहुधा येतच नाहीत.

ताट

‘लार्ज ब्रीड पपी’ असे लिहिलेले एकच पूर्ण अन्न निवडा. पोत्यामागच्या तक्त्यात कॅल्शियम १ ते १.५ टक्क्यांच्या आसपास असावे. हे अन्न देत असाल तर कॅल्शियमचे सिरप, पावडर, गोळी काहीही वर घालू नका. दूधही नको, दूध सुटल्यावर बहुतेक पिल्लांना ते पुरते पचत नाही आणि शी पातळ होते. उलट टोकाची चूकही तितकीच घातक आहे. नुसती दूध-भाकरी किंवा हाडांशिवायचे नुसते मटण यात कॅल्शियम-फॉस्फरसचे प्रमाण बिघडलेले असते. मटणात तर कॅल्शियम फारच कमी, मग शरीर ते हाडांतून काढून घेते आणि पाय वाकतात. घरचेच खाणे द्यायचे असेल तर डॉक्टरकडून वजनानुसार आहार लिहून घ्या, अंदाजाने नको.

आठ आठवडे ते चार महिने दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, नंतर आयुष्यभर दोन वेळा. वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. वाटीगणिक दाण्यांचा फरक पडतो आणि महिन्याभरात तो अंगावर दिसतो. पिल्लाचे वजन दर आठवड्याला करा. सुरुवातीला पिल्लू हातात घेऊन घरच्या वजनकाट्यावर उभे राहा आणि स्वतःचे वजन वजा करा. ते जमेनासे झाले की धान्याच्या दुकानातला मोठा काटा.

वजनाच्या आकड्यापेक्षाही हात खरे सांगतो. बरगड्यांवरून बोटे फिरवा: दाब न देता त्या मोजता आल्या पाहिजेत, पण लांबून ठळक दिसू नयेत. वरून पाहिल्यावर कमरेला खाच दिसावी. दिसत नसेल तर रोजचे अन्न १० टक्क्यांनी कमी करा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. पाहुणे ‘पोटाला घालत नाही का रे?’ म्हणतील. म्हणू द्या. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या लॅब्रॅडॉरच्या एका दीर्घ अभ्यासात २५ टक्के कमी खाणारे कुत्रे त्यांच्याच भावंडांपेक्षा सुमारे दोन वर्षे जास्त जगले आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली.

तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातले उरलेले कुत्र्याला घालायची सवय मोडा. कांदा-लसूण तांबड्या रक्तपेशी फोडतो, शिजलेली हाडे चिरफाळून आतड्यात रुततात. तासगावची द्राक्षे किंवा बेदाणे घरात असतील तर उंचावर ठेवा. थोड्याशा बेदाण्यांनीही मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

पोट फुगणे: इथे मिनिटे मोजावी लागतात

ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, डॉबरमन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या जातींत जठर वायूने फुगून स्वतःभोवती पीळ खाते. रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कुत्रा जातो. लक्षणे पाठच करून ठेवा: उलटीसाठी उमासे येतात पण बाहेर फेसाशिवाय काही पडत नाही, लाळ गळते, कुत्रा एका जागी बसत नाही, मागे वळून पोटाकडे बघतो, बरगड्यांमागे पोट ढोलासारखे ताणते. अशा वेळी सोडा, जिऱ्याचे पाणी, ओवा यांत वेळ घालवू नका. इलाज शस्त्रक्रियेचाच असतो. रात्री दोन वाजता शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर शहरात कोण, हे आजच विचारून ठेवा. त्या रात्री शोधायला वेळ नसतो.

टाळण्यासाठी दिवसाचे अन्न किमान दोन भागांत द्या. खाण्याआधी आणि नंतर तासभर धावणे-खेळणे बंद. हपापून खाणाऱ्यासाठी परातीत मधोमध जड वाटी उपडी ठेवा आणि दाणे भोवती पसरा. वाटीला वळसे घालत खाताना वेग आपोआप उतरतो. मादीची नसबंदी करायची असेल तर त्याच वेळी जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून अडकवता येते. धोक्याच्या जातीत याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

मेहनत किती

कोणताही वस्ताद नव्या पोराला पहिल्याच महिन्यात मोठ्या जोडीला लावत नाही. पिल्लालाही लावू नका. मोठ्या जातीची हाडे साधारण १५ ते १८ महिन्यांपर्यंत वाढतात, ग्रेट डेनसारख्या जातींत दोन वर्षांपर्यंत. तोवर मोटारसायकलमागे पळवणे, चेंडूसाठी उंच उड्या, डांबरी रस्त्यावर लांब धाव हे सगळे बंद. मातीच्या मैदानावर मोकळे खेळू द्या, बसले की तिथेच थांबा. गाडीत चढ-उतार करायला फळीचा उतार लावा. पुढे पन्नास किलोचा कुत्रा उचलायची वेळ आली तर तुमची कंबरही वाचेल.

मार्च ते मे फिरणे सकाळी सातच्या आत. रस्त्यावर तळहात सात सेकंद ठेवा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. धाप थांबत नसेल, हिरड्या लालभडक आणि चाल झोकांड्या खात असेल तर सावलीत आणा, साध्या पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा आणि त्याच अवस्थेत दवाखाना गाठा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हा खरा कसोटीचा काळ. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो माणसालाही लागतो. उसाच्या कडेची डबकी टाळा. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी १६ आठवड्यांचे होईपर्यंत चालते. त्यात लेप्टोचा डोस आहे का, ते कार्डावर बघा. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, पुढचा डोस वर्षाने.

रोज संध्याकाळी गोचीड शोधा. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी. ताप, खाणे सोडणे, फिकट हिरड्या, नाकातून रक्त यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रक्त तपासा, गोचीडताप हाताबाहेर जायला वेळ लागत नाही. गोचीड चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा. रॉकेल लावू नका, जाळू नका. महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी मिळते, ती वजन करूनच घ्या.

शिकवणे

तीन ते चौदा आठवडे या वयात पिल्लू जगाची यादी करते; जे भेटले ते आपले, जे भेटले नाही ते भीतीचे. लसी पूर्ण व्हायच्या असल्या तरी त्याला घरात कोंडू नका. कडेवर किंवा गाडीत बसवून रिक्षा, शाळेची गर्दी, म्हशींचा कळप, फेटेवाले, छत्रीवाले दाखवा. ढोल-ताशाचे रेकॉर्डिंग आधी अगदी बारीक आवाजात लावून खाऊ द्या आणि दहा-बारा दिवसांत आवाज वाढवा. गणपतीत जड कुत्रा घाबरून ओढायला लागला तर त्याला धरणे एकट्याच्या हातात राहत नाही.

घरात आधी शब्द ठरवा. आजी ‘बस’, दादा ‘सिट’, ताई ‘खाली बस’ म्हणत असेल तर पिल्लू तीन भाषा शिकत नाही, एकही शिकत नाही. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’, ‘सोड’ एवढे चार शब्द पुरे. धडा तीन ते पाच मिनिटांचा, दिवसातून चारदा. खाऊ वाटाण्याएवढा, उकडलेल्या बिनमिठाच्या चिकनचा, आणि तो त्या दिवसाच्या ताटातून वजा.

ओढणे बारा किलोला गंमत वाटते, पंचेचाळीस किलोला अपघात होतो. दोन मीटरची साधी रुंद दोरी घ्या. डाव्या गुडघ्याजवळ खाऊ देत दोन पावले चाला, मग पाच, मग दहा. दोरी ताणली की झाडासारखे उभे राहा, काही बोलू नका. दोरी सैल झाली त्याच क्षणी पुढे. पहिला आठवडा घरापासून कोपऱ्यापर्यंत जायला वीस मिनिटे लागतील. इथेच बहुतेक जण कंटाळून काट्याचा पट्टा आणतात. काटे कुत्र्याला दुखवतात आणि समोर दिसलेल्या माणसाशी किंवा कुत्र्याशी ते दुखणे त्याच्या डोक्यात जोडले जाते. पुढे तो त्यांच्यावरच गुरगुरतो. अंगावर उडी मारली तर सगळ्यांनी पाठ फिरवायची, चार पाय जमिनीवर टेकले की मगच हात लावायचा. हा नियम एकाने जरी मोडला तरी उडी टिकते.

तोंडातली वस्तू हिसकावू नका, चांगला खाऊ देऊन अदलाबदल करा. सहा ते अठरा महिन्यांत शिकलेले विसरल्यासारखे होईल. खाऊ वाढवा, अंतर कमी करा, पुन्हा पहिल्या धड्यापासून या.

रिंगची तयारी

शोमध्ये सौंदर्य आणि चाल जातीच्या मानकाशी ताडून पाहतात. त्यासाठी जाती क्रमांकाच्या गटांत विभागलेल्या असतात: जर्मन शेफर्ड पहिल्या गटात, रॉटवायलर, डॉबरमन, ग्रेट डेन दुसऱ्या गटात, लॅब्रॅडॉर आठव्या गटात आणि आपल्या शेजारच्या मुधोळकडचा कारवान हाऊंड दहाव्या गटात. प्रवेश शोच्या बऱ्याच आधी बंद होतो. नोंदणीचे नाव, क्रमांक, जन्मतारीख पेपरवर आहे तशीच भरा. पाळण्याचा परवाना आणि रेबीजच्या लसीचा दाखला फाइलमध्ये असू द्या.

उभे राहणे नवव्या-दहाव्या आठवड्यापासून शिकवा. दिवसाला वीस सेकंद, मॅटवर. पुढचे पाय खांद्याखाली सरळ, मागच्या पायांचा टाचेखालचा भाग जमिनीला काटकोनात. जर्मन शेफर्डमध्ये न्यायाधीशाकडचा मागचा पाय मागे आणि दुसरा पोटाखाली. पाय धरून ओढून लावू नका, कोपर किंवा ढोपरापाशी हलके उचलून ठेवा. सहा महिन्यांपर्यंत मिनिटभर स्थिर राहिला तरी खूप झाले.

मग परक्या हाताची सवय. आठवड्याला दोन वेगवेगळ्या ओळखीच्या लोकांनी ओठ वर करून दात पाहावेत, पाठीवरून आणि मांड्यांवरून हात फिरवावा. नर असेल तर अंडकोषही तपासू द्यावेत, कारण रिंगमध्ये ते दोन्ही उतरले आहेत का ते बघतात. इथे दचकणारा कुत्रा कितीही देखणा असला तरी मागे पडतो.

चालीसाठी मोबाइल हाताशी घ्या. मित्राला बाजूने चित्रण करायला सांगून तीन वेगवेगळ्या वेगांनी दुडकी चालवा. ज्या वेगात पाठ हलत नाही आणि पाऊल लांब पडते, तो तुमचा वेग. तो पावलांच्या गणतीने लक्षात ठेवा. गोल, त्रिकोण आणि सरळ जाऊन परत हे तिन्ही आकार सरावात असू द्या, आणि तुम्ही कधीही न्यायाधीश आणि कुत्रा यांच्या मध्ये येऊ नका. नखे आठवड्याला थोडी थोडी कापा. लांब नखांनी पंजा पसरतो आणि चाल बिघडते.

अंघोळ दोन-तीन दिवस आधी, म्हणजे केसांचा पोत परत येतो. प्रवासाआधी चार-पाच तास पोट रिकामे. पाणी घरचेच न्या, नवे पाणी अनेकांना मानवत नाही. रिंगमध्ये प्रत्येक कुत्र्याच्या वाट्याला दीड-दोन मिनिटे येतात, बाकी सगळा दिवस वाट पाहण्यात जातो. म्हणून सावली, गादी आणि शांत कोपरा आधी शोधा. बंद गाडीत क्षणभरही ठेवू नका.

परतल्यावर लगेच ताट वाढू नका. आधी थोडे पाणी, दहा मिनिटे पाय मोकळे करणे, मग तासाभराने नेहमीपेक्षा कमी अन्न. आणि झोपण्याआधी एकदा बोटांच्या बेचक्या बघा. शेकडो कुत्रे एका मैदानावर जमलेले असतात, एखादी गोचीड सोबत आलेली असतेच.