सिनेमात कॅमेरामनचा हात कसा ओळखायचा

काय फ्रेम लावलीय दिग्दर्शकाने असं आपण पटकन बोलून जातो, पण त्या फ्रेममधला उजेड बऱ्याचदा सिनेमॅटोग्राफरने शोधलेला असतो आणि त्याचं नावही कुणाला माहिती नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तर आवडता एक सीन घ्या आणि आवाज बंद करून बघा. डायलॉग, म्युझिक गेलं की नजर आपोआप उजेडावर जाते. टीव्हीवर बघणार असाल तर रंग आणि उजेड भडक करणारा व्हिव्हिड मोड आधी बंद करा, नाहीतर सगळी मेहनत वाया.

आता क्लोजअप पॉज करा आणि नाकाची सावली बघा. कडा धारदार असेल तर लाइट थेट मारलाय, कडा विरघळल्यासारखी असेल तर लाइट कशावर तरी आपटून किंवा कापडातून गाळून आलाय. डोळ्यातला चमकणारा ठिपका पण बघा, तो टिकलीएवढा आहे का खिडकीएवढा, त्यावरून लाइट केवढा होता आणि कुठल्या बाजूने आला ते कळतं.

सत्यजित राय यांचा 'अपराजितो' (1956) यासाठी बघाच. बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत सेट लावून केलंय, आणि खऱ्या अंगणात उजेड वरून, आभाळातून झिरपतो, त्याला ठळक सावलीच नसते. या सिनेमाचे सिनेमॅटोग्राफर सुब्रत मित्र यांनी काय केलं, सेटवर पांढरं कापड ताणलं आणि लाइट खालून त्या कापडावर मारले, म्हणजे कापडच आभाळ झालं! किती साधं आणि किती सुंदर. अंगणातले चेहरे बघा, सेट आहे असं वाटतच नाही.

पण हे रायांचं का मित्रांचं, हे ठरवायचं कसं? तर माणसं बदलून बघायची. 'नायक' (1966) नंतर मित्र रायांसोबत नाहीत, म्हणून त्याच्या आधीचा मित्रांनी शूट केलेला एक आणि नंतरचा एक लागोपाठ बघा. मग उलटं करा, मित्रांनी दिग्दर्शक जेम्स आयव्हरीसाठी शूट केलेला 'शेक्सपिअर वाला' (1965) लावा, तिथेही तसाच मऊ उजेड दिसला तर तो मित्रांचा. श्याम बेनेगल यांचंही असंच करता येतं, 'अंकुर' (1974) गोविंद निहलानींनी शूट केलाय आणि 'मंडी' (1983) अशोक मेहतांनी. दोन्हीतले घराच्या आतले सीनच फक्त काढा आणि खिडकी-दारातून येणारा उजेड किती आत येतो, कोपरे काळे सोडलेत का उजळलेत, एवढंच वहीत लिहून ठेवा.